एकूण हरकती: शून्य

टेलरबाईंचा नवरा नगरपालिकेत कारकून होता. बावीस वर्षं तो एकच काम करत आला होता. सभेत कोण काय बोललं ते लिहून काढायचं, त्याचं इतिवृत्त बनवायचं, साहेबांची सही घ्यायची आणि फाईलला लावायचं. या कामाचा त्याला केवढा अभिमान! जे बोललं गेलं ते शब्दाला शब्द, एक काना इकडे नाही की मात्रा तिकडे नाही. घरात टेलरबाई कितीही तावातावाने बोलत असल्या, तरी हा आपला मान हलवत ऐकायचा, आणि त्यांना वाटायचं, हा माणूस मनातल्या मनात 'नोंद घेण्यात आली' म्हणतोय.

त्या संध्याकाळी जेवायची ताटं मांडायला जागा हवी म्हणून टेलरबाईंनी टेबलावरचे कागद उचलले. उचलता उचलता एका ओळीवर नजर गेली आणि हात तिथेच थांबला.

'अर्जदार क्रमांक चौदा, व्यवसाय शिवणकाम: हरकत नाही.'

"अहो," त्या म्हणाल्या, "हे चौदा नंबर कोण?"

"तू," नवरा म्हणाला. तो हात धुवत होता.

"मी? मी कधी म्हटलं हरकत नाही? अहो, मी दुकान बंद करून, एका गिऱ्हाइकाची बोलणी खाऊन तिथे आले होते ते हरकत घ्यायला!"

"म्हणालीस. साहेबांनी विचारलं, तुमचा मुद्दा शेवटी घेतला तर चालेल का. तू म्हणालीस, हरकत नाही. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

टेलरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ते थांबायला हरकत नाही! मुतारी पाडायला नाही!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! आणि शेवटी घेणार होते तो मुद्दा घेतला का? शेवट आलाच नाही. एक वाजला आणि तुमचे साहेब जेवायला उठले."

"तेही लिहिलंय," नवरा शांतपणे म्हणाला. "पान सात. वेळेअभावी सभा संपली. जे उच्चारलं जातं ते मी लिहितो. मनातलं लिहायला मी काय ज्योतिषी आहे?"

टेलरबाई ताटं विसरल्या आणि खाली बसून पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. वाचत गेल्या तसा त्यांचा पारा चढत गेला. अर्जदार क्रमांक तीनला सांगितलं होतं, खुर्च्या संपल्यात, उभं राहावं लागेल. हरकत नाही. अर्जदार क्रमांक नऊला विचारलं होतं, पंख्याचा आवाज माइकमध्ये येतोय, बंद केला तर चालेल का. हरकत नाही. क्रमांक एकवीस म्हणजे चप्पल शिवणारे आजोबा. त्यांना ऐकायलाच येत नाही, ते काही बोललेच नव्हते. त्यांच्यापुढे लिहिलं होतं, 'मूक संमती'. आणि शेवटच्या पानावर तळाशी, खाली दोन रेघा मारून: 'उपस्थित सत्तावीस. एकूण हरकती: शून्य.'

आता असल्या माणसाला काय म्हणावं? खोटं म्हणावं तर एक अक्षर खोटं नाही. आणि खरं म्हणावं तर अंगाचा तिळपापड होतो.

प्रकरण असं होतं. नगरपालिकेने बाजाराच्या चौकाचं सुशोभीकरण काढलं होतं. मधोमध कारंजं, भोवती बाकडी, रंगीत दिवे. पडद्यावर चित्रं दाखवली होती. चित्रात चार गोरीगोमटी माणसं बाकड्यावर बसून हसत होती आणि एकही भाजीवाली नव्हती. त्या कारंज्याच्या जागी आज बायकांची मुतारी उभी आहे. बाजारात बसणाऱ्या साठ-सत्तर बायकांची तेवढी एकच सोय. ती हलवून बस डेपोच्या मागे नेणार होते. जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं, आणि तेवढ्यात टोपल्या सांभाळायच्या कोणी?

नोटीस लावली होती, नाही असं नाही. बाजाराच्या खांबावर, डोक्याच्या वर हातभर उंचावर: 'विद्यमान प्रसाधनगृह स्थलांतरित करणेबाबत हरकती व सूचना'. वाचता येणाऱ्या दोघी-तिघींनी ती मान वर करून वाचली आणि बाकीच्यांना सांगितलं, काही नाही गं, कुठलं तरी पावडर-लिपस्टिकचं दुकान हलवतायत. झालं! कोण कशाला जाईल? त्यात सभा सकाळी साडेअकराला, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी, आणि तीही दुसऱ्या मजल्यावर. टेलरबाई गेल्या, कारण कारकुनाची बायको म्हणून त्यांना तेवढा एक शब्द कळत होता.

आणि त्यांना घाई होती ती वन्संसाठी.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. बाजाराच्या तोंडाशी तीस वर्षं भाजी विकत होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्या तापाने फणफणल्या आणि आठ दिवस दवाखान्यात होत्या. भावाला एवढंच ठाऊक होतं, की ताईला ताप आला होता. खरं काय ते डॉक्टरीणबाईंनी टेलरबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. यांनी वर्षानुवर्षं पाणी तोडलंय आणि लघवी दाबून धरलीय. एक मूत्रपिंड निम्मं गेलंय. दिवसाला बारा पेले पाणी प्यायला हवं, आणि लागली की लगेच जायला हवं. पुन्हा असं झालं तर ते मूत्रपिंड काढावं लागेल.

"माझ्या भावाला यातलं काही सांगू नकोस हं वहिनी," वन्संनी खाटेवरूनच बजावलं होतं. "त्याला काय सांगायचं असलं?"

आणि परवा मुतारी हलणार हे कळल्यावर त्या अगदी सहज म्हणाल्या होत्या, "मग काय, पाणी बंद करायचं. सोपं आहे."

सोपं आहे! टेलरबाईंना आता नवऱ्याला हे सगळं ओरडून सांगावंसं वाटलं. शब्द अगदी ओठावर आले. पण शब्द दिला होता, म्हणून त्या मूग गिळून बसल्या, आणि तो राग त्यांनी ताटं आपटण्यात काढला.

दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याच्या मागोमाग सरळ कचेरीत गेल्या. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला. असल्या माणसांचा तर जास्त ताप होतो, धड भांडताही येत नाही.

"मुदत शुक्रवारपर्यंत आहे, त्याच दिवशी निर्णयाची सभा," साहेब म्हणाले. "लेखी हरकत द्या. हा फॉर्म."

फॉर्मला अकरा रकाने होते. टेलरबाईंनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. "मालमत्ता क्रमांक म्हणजे काय?"

"तुमच्या मालमत्तेचा क्रमांक."

"टोपलीला क्रमांक असतो का साहेब? त्या बायका गोणपाटावर बसतात."

"मग तो रकाना रिकामा सोडा. पण रिकामा रकाना असलेला फॉर्म संगणक घेत नाही," साहेबांनाच ओशाळल्यासारखं झालं. "बघा ना, आम्ही सभा घेतली. लोक बोलत नाहीत हो. आम्ही तरी काय करायचं?"

"तुम्ही या ना बाजारात! त्या तिथेच असतात, रोज, सकाळी सहापासून."

"तशी तरतूद नाही."

तेवढ्यात दाराशी खाकरल्याचा आवाज आला. कारकून उभा होता, हातात नियमांचं जाड पुस्तक, आणि त्यात बोट घातलेलं.

"आहे साहेब," तो म्हणाला. "सुनावणी बाधित व्यक्तींच्या सोयीच्या ठिकाणी व वेळी घेता येईल. पान एकशे बारा."

"घेता येईल म्हणजे घ्यायलाच हवी असं नाही."

"घेऊ नये असंही नाही, साहेब."

बावीस वर्षांत तो साहेबाला उलटून बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. टेलरबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. साहेबांनी पुस्तक ओढून घेतलं, दोनदा वाचलं आणि सुस्कारा टाकला. "बरं. तुम्हीच जा आणि ऐकून लिहून आणा. पण निनावी चालणार नाही. नाव नसलेली हरकत मी धरू शकत नाही, ते पान एकशे तेरा."

बुधवारी दुपारी दोन वाजता, बाजार ओसरला होता तेव्हा, टेलरबाईंच्या दुकानात सुनावणी सुरू झाली. दुकान म्हणजे केवढं? एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात दोरीवर पडदा. बायका माप द्यायला, कपडे घालून बघायला त्या पडद्यामागे जायच्या. हा पडदा म्हणजे नुसतं कापड, पण त्यामागे गेलं की बायकांची जीभ सुटते हे टेलरबाईंना पंचवीस वर्षांपासून ठाऊक होतं. सासू, सून, नवरा, दुखणीखुपणी सगळं तिथे निघायचं, आणि त्या तोंडात टाचण्या धरून हुं हुं करत ऐकायच्या. म्हणून त्यांनी नवऱ्याला बाहेर स्टुलावर बसवलं, पडद्याकडे पाठ करून.

"ऐकायचं आणि लिहायचं," त्यांनी दम भरला. "मान वळवलीत तर बघा."

पहिली आली ती कांदेवाली. आत गेली आणि बाहेर आवाज आला, "खरं सांगू का, मी सकाळी चहासुद्धा घेत नाही."

कारकुनाने लिहिलं, मग मोठ्याने वाचून दाखवलं. तशी त्याची पद्धत होती. "मूत्रविसर्जनाच्या गैरसोयीमुळे अर्जदार पेयपान टाळतात."

"ती असं म्हणाली?" टेलरबाई पडद्यातून डोकं काढून कडाडल्या. "कुठे गेलं तुमचं शब्दाला शब्द? माझ्या वेळी बरं हरकत नाही आठवलं!"

कारकुनाने ओळ खोडली. 'मी सकाळी चहासुद्धा घेत नाही.'

मग एकामागून एक बायका येत गेल्या. फुलवाली म्हणाली, पाळीच्या दिवसांत ती येतच नाही बाजारात, चार दिवस घरी. मिरचीवाली म्हणाली, डेपोमागे तिन्हीसांजेला पिऊन पडलेले असतात, तिथे माझी पोरगी पाठवू का? पोटुशी असलेली एक म्हणाली, मला तर दर अर्ध्या तासाला लागते, मग मी काय डेपोतच दुकान मांडू? पडद्यामागे हशा पिकला. बाहेर कारकून लिहीत होता. त्याचे कान लाल झाले होते, पण पेन थांबत नव्हतं.

घोडं अडलं ते नावापाशी.

"नाव?" कारकून विचारायचा.

"नाव कशाला?" आतून यायचं. "असल्या गोष्टीला नाव लावायचं? घरचे काय म्हणतील?"

"नाव नसेल तर धरता येत नाही."

"मग राहू दे बाई."

अडतीस बायका बोलल्या आणि अडतीस वेळा राहू दे झालं. टेलरबाईंना रडावं की ओरडावं कळेना. समजावून झालं, रागावून झालं, हात जोडून झाले. बायका दुकानाबाहेर घोळका करून उभ्या राहिल्या, कोणी निघूनही जात नव्हतं आणि कोणी नावही सांगत नव्हतं.

तेवढ्यात वन्सं आल्या. पदराला हात पुसत, कोणाकडे न बघता, सरळ पडद्यामागे गेल्या.

"वन्सं, तुम्ही नका," टेलरबाई कुजबुजल्या. "बाहेर हेच बसलेत."

"ठाऊक आहे," वन्सं म्हणाल्या. मग आवाज चढवून, "ऐकू येतंय का रे बाहेर?"

"येतंय, ताई," कारकून म्हणाला.

"मग लिही. चार वर्षांपूर्वी यांनी मुतारी दुरुस्तीला म्हणून तीन आठवडे बंद ठेवली होती. एका दुपारी मी गिऱ्हाइकाला टोमॅटो तोलत होते. सकाळपासून धरून ठेवली होती, पण नाही धरवली. बसल्या जागी झाली. समोर चार माणसं उभी. मग मी भाजीवर मारायचा पाण्याचा डबा घेतला आणि स्वतःच्या अंगावर ओतला. म्हटलं, अगंबाई, हात निसटला. माणसं हसली. मीही हसले. संध्याकाळपर्यंत तशीच बसले. त्या दिवसापासून मी पाणी तोडलं ते ताप येईपर्यंत. तो ताप साधा नव्हता. एक मूत्रपिंड निम्मं गेलंय माझं. तुला सांगितलं नव्हतं."

टेलरबाईंनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. नवऱ्याची पाठ तेवढी दिसत होती.

"लिहिलंस?" वन्संनी विचारलं.

"हो."

"आता माझं नाव लिही. पूर्ण लिही, बापाच्या नावासकट."

त्याने लिहिलं. मग बाहेरून कांदेवालीचा आवाज आला, "माझंही लिहा हो." आणि तिच्यामागून मिरचीवालीचा. आठजणींनी शेवटपर्यंत नाव दिलं नाही, त्यांच्यावर कोणी रागावलंही नाही. एकतीस नावं झाली.

शुक्रवारची सभा टेलरबाईंनी भांडून दुपारी तीनला ठेवून घेतली. वीसेक बायका जिना चढून आल्या आणि मागच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या, खुर्च्या रिकाम्या असतानाही. कारकून वाचायला लागला. सभेत वाचताना त्याचा एक ठरलेला सूर असायचा, नळाची धार पडावी तसा. त्या सुरात त्याने चहा वाचला, पाळीचे चार दिवस वाचले, डेपोमागचे दारुडे वाचले. समोर बसलेले सदस्य सुरुवातीला गालात हसत होते, मग पायाकडे बघायला लागले.

एकतिसाव्या हरकतीला तो आला. नाव वाचलं. "चार वर्षांपूर्वी यांनी मुतारी दुरुस्तीला म्हणून तीन आठवडे बंद ठेवली होती. एका दुपारी मी..."

आणि तो थांबला. पाणी प्यायला, पुन्हा कागद उचलला. आणि परत खाली ठेवला.

"राहू द्या," साहेब चटकन म्हणाले. "वाचले असे समजू."

टेलरबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. वाचले असे समजू! ऐकले असे समजू, बोलले असे समजू, तुम्ही सगळं समजूनच बसलात म्हणून तर ही वेळ आली! त्या उठणारच होत्या, पण त्यांच्याआधी मागच्या भिंतीकडून वन्सं पुढे आल्या.

"काही समजू नका," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे. मीच सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. टोमॅटो, चार गिऱ्हाइकं, पाण्याचा डबा. पडद्यामागे सांगितलं होतं तेच, पण या वेळी साहेबाच्या डोळ्याला डोळा देऊन, भर सभेत, सदस्यांसमोर आणि धाकट्या भावासमोर. सांगून झाल्यावर त्या तशाच उभ्या राहिल्या. हात त्यांनी पदरात गुंडाळले.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मुतारी हलणार नाही. लिहून घ्या." नोटीस, फॉर्म, सभा एवढं सगळं होऊनही 'मुतारी' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. "बाई, आणखी काय करून हवंय तुम्हाला?"

हा प्रश्नही तिथे पहिल्यांदाच विचारला गेला. वन्संना तर तो कळायलाच क्षणभर लागला.

"कडी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आतून कडी बसवून द्या. तुम्ही रंग दिलात तेव्हा दाराची कडी काढली, ती परत लावलीच नाही. आम्ही दोघी-दोघी जातो. एकीने बाहेरून दार धरायचं. दुसरी मोकळी नसेल तर पहिलीने थांबायचं. बाकी काही नको."

टेलरबाईंना एकदम भरून आलं, आणि रागही आला, स्वतःचाच. रोज दोन वेळा त्या स्वतः मिरचीवालीला दार धरायला घेऊन जायच्या. इतक्या दिवसांच्या भांडणात कडी मागायची त्यांच्याही डोक्यात आली नव्हती.

साहेबांनी कागद चाळले. "कडीचं म्हणाल तर... ते बांधकाम विभागाकडे जाईल. त्यांचा प्रस्ताव येईल, मग पुढच्या महिन्याच्या सभेत मंजुरी. तोपर्यंत..."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कारकून उठला होता. इतिवृत्ताचं पॅड त्याने उचललं आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवलं, वर पेनही ठेवलं.

"पुढचं तुम्ही लिहा, साहेब," तो म्हणाला. "मी कडी घेऊन येतो."

तो टेबलाला वळसा घालून निघाला. दाराशी पोचला तेव्हा मागून वन्संचा आवाज आला. "अरे, चार स्क्रूपण आण. आणि लांब आण, दार भिजून फुगलंय."